खंडेनवमीला उघडलेलं इंजिन

त्या वर्षी आमची म्हैस चार महिने अंगणात, पत्र्याच्या आडोशाला राहिली, कारण गोठ्यात मोटार होती. लाल रंगाची, दोन माणसांची, कापडी टपाची जपानी मोटार. शेजारची मावशी पाण्याला जाताना रोज गोठ्यात डोकावायची आणि विचारायची, "काय रं, दूध दिलं का हिनं?" माझा थोरला भाऊ गाडीखालूनच ओरडायचा, "दसऱ्याला व्यायली की खरवस धाडतो, मावशे!"

मावशी हसत निघून जायची. दादा हसायचा नाही. त्याच्या लेखी दसरा ही थट्टेची गोष्ट नव्हती.

गाडी खंडाळ्याच्या एका बंगलेवाल्या साहेबांची. कारखाना उभारायला आलेल्या एका जपानी इंजिनिअरने मायदेशी परतताना ती त्यांना विकली होती. दोन वर्षं चालली, मग इंजिनातलं पाणी तेलात मिसळू लागलं. लोणावळ्याच्या ज्या गॅरेजात दादा सात वर्षं कामाला होता, तिथल्या मालकाने सांगितलं की हिचे भाग आपल्याकडे मिळत नाहीत, भंगारात घाला. गाडी बंगल्याच्या पोर्चमध्ये चार पावसाळे उभी राहिली. खंडाळ्याच्या पावसात लोखंडाचं काय होतं ते मी सांगायला नको. पुढे एकदा साहेब दुसरी गाडी घेऊन गॅरेजात आले, तेव्हा दादा सगळ्यांसमोर बोलून गेला, "ती लाल गाडी चालू होईल." मालक म्हणाला, "मग घरी नेऊन कर चालू. हितं नको." दादाने खरंच आपली हत्यारं पोत्यात भरली आणि घरी आला.

साहेबांनी अट घातली ती सरळ होती. दसऱ्याला सकाळी नऊ वाजता ते कार्ल्याला, आमच्या घरी येणार आणि गाडी स्वतः चालवत खंडाळ्याला नेणार. गाडी पोचली, तर बंगल्याच्या फाटकाबाहेरची, हमरस्त्याला लागून असलेली पत्र्याची शेड दादाला गॅरेज काढायला द्यायची. नाही पोचली, तर गाडी मुंबईच्या भंगारवाल्याला आणि शेड एका सोडावॉटरवाल्याला. जुन्या गॅरेजात परत जायला दादाला तोंड राहिलं नव्हतं. त्यामुळे शेड मिळाली नाही तर काय, हा प्रश्न आमच्या घरात कुणी मोठ्याने विचारत नसे.

मी तेव्हा पुण्याला विज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. मळवली स्टेशनातून रोज जाऊन-येऊन. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि खरं सांगायचं तर कॉलेजात मी नेमकं काय करतो हे घरात कुणाला नीट समजावता आलं नव्हतं. मलाही फारसं कळत नव्हतं. त्या चार महिन्यांत मात्र पहिल्यांदाच माझ्या शिक्षणाचा घराला काही उपयोग होतोय असं मला वाटू लागलं होतं.

त्याचं कारण म्हणजे पाने. लोणावळ्यात तेव्हा ज्या गाड्या दुरुस्तीला येत त्यांचे नट इंचांच्या मापाचे, त्यामुळे दादाचे सगळे पाने इंचांचे. ही गाडी मिलिमीटरची. आपला पाना एक तर बसत नसे, नाही तर बसून घसरे आणि नटाचे कोपरे खाऊन टाकी. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेतून सरांच्या परवानगीने व्हर्निअर कॅलिपर घरी आणला, एकेक नट मोजला आणि पाटीवर आकडे लिहून दिले. दादाने काही पाने कानशीने घासून मोठे केले, आणि गोट्या, म्हणजे नटावर टोपीसारख्या बसणाऱ्या पान्याच्या तोंडांचा एक संच पुण्याच्या जुन्या बाजारातून शोधून आणला. आठ, दहा, बारा, चौदा, सतरा.

बाकीची गाडी जमेल तशी जमवली. ब्रेकची रबरं देशी गाडीची, थोडी कातरून बसवलेली. खालचा कुजलेला पत्रा कापून तिथे तेलाच्या पिंपाचा पत्रा जोडलेला. उंदरांनी खाल्लेल्या वायरी दादाने एकेक करून नव्या ओढल्या. कापडी टप लोणावळ्याच्या शिंप्याने तंबूच्या कापडाचा शिवला आणि "पावसात न्यायची असंल तर छत्री घेऊन बसा," असं वर सांगितलं. गोठ्याच्या जमिनीत आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, स्वतः कंबरभर खड्डा खणून दिला, दादाला खाली उतरून काम करता यावं म्हणून.

दसऱ्याआधी चार दिवस इंजिन चालू झालं. सगळी आळी गोळा झाली. धूर झाला, आवाज झाला, आई घाबरून बाहेर पळाली. पण चालू झालं, आणि पाणी तेलात मिसळलं नाही. दादाने हात पुसले आणि म्हणाला, "झालं. आता हिला दसऱ्यापर्यंत हात लावायचा न्हाई."

मी म्हणालो, "पुस्तकात लिहिलंय की एकदा चालवल्यावर, इंजिन गार झालं की हेडचे बोल्ट पुन्हा आवळायचे."

गाडीबरोबर एक इंग्रजी पुस्तिका आली होती. ती मी शब्दकोश घेऊन वाचत होतो. दादाने माझ्याकडे पाहिलं. "आवळलेत की मी."

"गार झाल्यावर पुन्हा, असं लिहिलंय."

"लिव्हलंय तर मग तूच आवळ," दादा म्हणाला. त्याने रागाने म्हटलं नव्हतं. बहुधा मला मान दिला होता.

अष्टमीला दुपारी मी इंजिनाच्या माथ्यावरचं टॅपेटचं झाकण काढलं, पुस्तिकेतल्या क्रमाने हेडचे मोठे बोल्ट आवळले, मग चौदा नंबरची गोटी लावून पुढच्या टोकाचे लहान. मध्येच शेजारची मावशी देवीच्या डोंगराकडे जाणाऱ्या माणसांची गर्दी दाखवायला मला हाक मारू लागली, मी वर पाहिलं, दोन शब्द बोललो, पुन्हा वाकलो. झाकण बसवलं. हात धुतले. जेवलो. मला अगदी बरं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा. घासून, तेल लावून पाटावर मांडायची, हळदकुंकू, झेंडूची फुलं. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशीपर्यंत त्यांना हात नाही. आबांचा नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाड, आणि या वर्षी शेजारी दादाची हत्यारं. घासून मांडायचं काम माझ्याकडे होतं. मी रॉकेलमध्ये एकेक गोटी धुतली आणि पाटावर ओळीने ठेवत गेलो. आठ, दहा, बारा. पुढे सतरा.

मी डबा उलटा केला. पोतं झटकलं. चौदा नव्हती.

काल मी ती दांड्यावरून काढून डब्यात टाकली का? मला काहीच आठवेना. आठवत होती ती मावशीची हाक. इंजिनाच्या पुढच्या टोकाला, जिथून चेन खाली उतरते, तिथे एक उघडी फट असते. तिच्यात काही पडलं तर ते थेट खाली, जिथे चेन आणि चाकं फिरतात तिथे जातं. तेवढं लोखंड आत असताना इंजिन चालू केलं, तर काय होईल हे मलाही समजत होतं.

आबा अंघोळ करून हळदकुंकवाचं ताट घेऊन येत होते. मी सतरा नंबरची गोटी उचलली आणि बारा नंबरच्या शेजारी सरकवली. ओळ पुन्हा सलग दिसू लागली. हे मी का केलं ते आजही मला नीट सांगता येत नाही. त्या क्षणी एवढंच वाटलं, की आबा पूजा करून जाऊ देत, मग मी शोधेन, सापडेल, कुणाला कळायचं कारणच नाही.

पूजा झाली. नारळ फुटला. मी तीन तास शोधत होतो. कडब्यात, खड्ड्यात, सीटखाली, म्हशीच्या गव्हाणीत. मावशी म्हणाली, "काय हरवलं रं कॉलेजवाल्या, अक्कल का?" मी हसण्याचा प्रयत्न केला.

दुपारी दादा जेवून गोठ्याच्या दारात बसला होता. चेहऱ्यावर चार महिन्यांत पहिल्यांदा सैलपणा होता. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "दादा, चौदाची गोटी मिळत नाही. आत पडली असेल."

तो सरळ होऊन बसला. मग म्हणाला, "कवापास्नं ठावं हाय तुला?"

"सकाळपासून."

"पूजेआदी?"

मी मान हलवली.

"पूजेआदी बोलला असतास," तो अगदी हळू म्हणाला, "तर आमी तवाच इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उघडलं असतं. पूजा दुपारी केली असती. आता काय करू मी?"

त्याने मारलं असतं तर बरं झालं असतं. तो उठून गाडीपाशी गेला, बॉनेट उघडून बराच वेळ आत पाहत राहिला. मग किल्लीकडे हात नेला. "नसंल बी आत. चालू करून बगू का? आवाजावरनं कळंल."

"नको, दादा."

"तुझ्या पुस्तकात काय लिव्हलंय, पाना आत पडला तर?"

त्याने किल्लीवरून हात काढला.

आबांना सांगावंच लागलं. ते माजघरात बसले होते. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "उंद्या उचला हत्यारं. आज न्हाई."

"आबा, उंद्या नवाला साहेब येनार. चेंबर काडायचं, धुवायचं, नवं पॅकिंग चिकटवायचं, त्ये रातभर सुकाय पायजे. पहाटं उचलून व्हत न्हाई."

"मग साहेबाला म्हनावं दुपारी ये."

"त्यो मानूस नवाचा सव्वानऊ करून घेनारा न्हाई. शेड जाईल, आबा."

"जाऊं दे. माझ्या बापानं नवमीला इळा उचलला न्हाई, भात पडलं व्हतं तरी. पूजलेलं हत्यार उचलायचं आन् मग त्याच्यावर जलमभर पोट भरायचं? कसं चालंल?"

दादालाही तसंच वाटत होतं. तो पूजेच्या पाटाकडे पाहत होता आणि त्याचे हात दोन्ही काखांत गेले होते, जणू ते आपोआप पुढे जातील अशी त्याला भीती होती. बाहेर कुणाकडून पाने मागून आणायचे म्हटलं, तरी त्या दिवशी साऱ्या मावळात हत्यारं पाटावर होती, आणि मिलिमीटरची तर आमच्याशिवाय कुणाकडेच नव्हती.

मी म्हणालो, "मी उचलतो. दादाने हात लावायचा नाही. मला कुठे त्यावर पोट भरायचंय?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "तू शिकलेला," ते म्हणाले. "तुला आमी काय सांगनार." आणि टोपी घालून ते शेताकडे निघून गेले. त्या वाक्यापेक्षा जास्त लागलेलं वाक्य मी आजवर ऐकलेलं नाही.

आई तेवढी पुढे आली. "फुलं बाजूला ठीव," ती म्हणाली, "आन् कुक्कू पुसू नगंस."

मी दहाची गोटी, दांडा आणि दोन पाने उचलले आणि खड्ड्यात उतरलो. दादा खड्ड्याच्या काठावर उकिडवा बसला. हात अजून काखेतच. तो फक्त बोलणार होता आणि मी करणार होतो. मी आजवर गाडीखाली गेलो होतो तो कंदील धरायला.

"आदी तेलाचा बूच. खाली घमेलं सरकीव. उलटा फिरवतुयास!"

"डावीकडेच फिरवतोय."

"ती वरनं बगितल्यावरची डावी. बुचाच्या तोंडाकडं बगून डावी धर."

तेल घमेल्यात पडू लागलं. बोटांवरचं कुंकू तेलात मिसळून मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. मग चेंबरचे बोल्ट, चारी बाजूंनी, एकेक. दादा प्रत्येकाच्या आधी सांगत होता, किती जोर, कुठे थांबायचं. मागच्या कोपऱ्यातला एक हलेना. मी जोर लावला तसा दांडा किंचित वाकल्यासारखा वाटला.

"थांब!" दादा ओरडला. "तुटला तर संपलं समदं. दम खा. जरा घट्ट कर, मग सोड. घट्ट, सोड."

घट्ट, सोड. वर पाहिलं तर दादाचा एक हात काखेतून बाहेर आला होता आणि हवेत, माझ्या हातासारखाच, वळत होता. त्याच्या लक्षात आलं आणि त्याने तो पुन्हा आत घेतला. बोल्ट किंचाळला आणि सुटला.

चेंबर खाली आलं. मी ते तिरकं करून तेलाच्या गाळात बोटं फिरवली. एकदा, दोनदा. काहीच नव्हतं.

"न्हाई?" दादाने विचारलं.

"नाही."

गोटी आत नव्हती, तर मग मी पूजलेली हत्यारं कशासाठी उचलली होती? आणि तरीही मला खात्री वाटेना. मी म्हणालो, "वर हात घालून बघू?"

"पुढच्या टोकाला. चेनच्या बाजूनं. धार लागंल, हळू."

हात मनगटाच्या वर गेला. थंड तेलकट लोखंड. चेन. चेनच्या मागे भिंत. आणि चेन व भिंत यांच्यामध्ये, बोटाच्या टोकाला, गुळगुळीत गोल काहीतरी. माझा हात थांबला. दादाने माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं आणि तो काठावरून पुढे वाकला. दोन बोटांत ती दोनदा निसटली. तिसऱ्या वेळी मी ती बाहेर काढली तेव्हा बोट कापलं होतं. चेनच्या अगदी खालच्या चाकाशी ती अडकली होती. किल्ली फिरवली असती तर पहिल्याच फेऱ्यात चेन तुटली असती.

"ठीव तिकडं," दादा म्हणाला, आणि तोंड फिरवून नाक शिंकरलं.

जुनं पॅकिंग उघडताना फाटलं होतं. नवं कापायला जाड पुठ्ठा हवा होता, तो माझ्या फिजिक्सच्या जर्नलचा निघाला. आईने जुन्या धोतरातून तेल गाळलं. मी पुठ्ठ्याला स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख लावली, चेंबर चढवलं, दादा सांगेल त्या क्रमाने आवळलं. मागचा तो कोपऱ्यातला बोल्ट मी नीट आवळला की नाही, याची मला शंका होती. तुटेल म्हणून मी घाबरत होतो. या वेळी मी ते लगेच सांगितलं.

"ऱ्हाऊ दे," दादा म्हणाला. "उंद्या बगू."

आबा दिवेलागणीला आले. गोठ्याकडे न पाहता आत गेले.

साहेब बरोबर नऊला आले. आईने गाडीला झेंडूची माळ घातली, दादाने चाकाशी नारळ फोडला. इंजिन दुसऱ्या फेरीला चालू झालं. साहेब खूश होऊन दार उघडणार, एवढ्यात दादा म्हणाला, "साहेब, आधी एक सांगायचंय. काल खालचं चेंबर उघडावं लागलं. पाना आत पडला होता. पुठ्ठ्याचं पॅकिंग बसवलंय. तेल गळलं तर थांबावं लागेल."

साहेबांचा चेहरा बदलला. "कोणी पाडला?"

"आमच्या हातून पडला," दादा म्हणाला.

साहेबांनी एकदा गाडीकडे, एकदा दादाकडे पाहिलं. "बस शेजारी," एवढंच म्हणाले. दादाने पूजेच्या पाटावरून दोन पाने उचलून खिशात टाकले. गाडी गल्लीतून हमरस्त्याकडे निघाली. मी मागून चालत गेलो, रस्त्यावर नजर लावून. शाळेपाशी तेलाचा एक थेंब होता. वळणावर आणखी दोन.

फाट्यावर मी उभा राहिलो. थोड्या वेळाने आबा आले आणि माझ्यापासून चार पावलांवर उभे राहिले. त्यांनीही थेंब पाहिले असणार. खंडाळ्याकडून एक बस आली, दादा उतरला नाही. दुसरी आली, तीत देवीला आलेली माणसं. उन्हं चढली. आबांनी टोपी काढून घाम पुसला, पण ते घरी गेले नाहीत, आणि माझ्याशी बोललेही नाहीत.

तिसऱ्या बसमधून दादा उतरला. शर्टाला पाठीवर माती लागली होती.

"पोचली?" मी विचारलं.

"लोणावळ्याच्या अलीकडं, वळवनच्या चढाला गळायला लागली. मीच थांबवायला लावली." तो आबांकडे बघत सांगत होता. "रस्त्यात आडवा झालो. त्यो मागचा बोल्ट सैल व्हता. आवळला."

"तू?" आबा म्हणाले.

"आज दसरा हाय की, आबा. आज मी उचललं तर काय?"

आबांनी मान हलवली. "मग?"

"मग गाडी बंगल्याच्या दारात. साहेबांनी खाली वाकून सवता बगितलं. थेंब न्हाई." त्याने खिशातून एक गंजलेली किल्ली काढून आबांच्या हातावर ठेवली. "शेडची. सोडावाटरवाला दुसरीकडं जागा बगंल."

आबांनी किल्ली उलटसुलट करून पाहिली.

"उंद्या झाडायला चल," दादा मला म्हणाला. "कॉलेज हाय का?"

"सुट्टी आहे."

"मग ये. पन फकस्त झाडू. पान्याला हात लावलास तर बग."

आबा घराकडे वळले होते. दोन पावलं जाऊन थांबले आणि मागे न बघता दादाला म्हणाले, "आन् झाडताना काय पडलं-बिडलं तर लगीच सांग म्हनावं त्याला."